बँकॉकची पोरं

आमच्या घरात रात्री साडेनऊच्या सुमारास जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो, गॅस बंद आहे ना हे आई तिसऱ्यांदा विचारून घेते आणि मग दिवाणखान्यातून हाक येते, "काय गं, लागली का ती बँकॉकची पोरं?" (दिवाणखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. पण गृहकर्जाच्या अर्जात मीच तिला दिवाणखाना म्हटलं आहे आणि कर्ज अजून फिटायचं आहे, तेव्हा शब्द मागे घेता येत नाही.)

हाक मारणारी आमची आई. वय बहात्तर, शिक्षण सातवी, गुडघे दोन्ही निकामी, नजर शाबूत. बँकॉक हे हैदराबादच्या पलीकडे कुठंतरी असावं असा तिचा अंदाज आहे, आणि नांदेडहून पाहिलं तर तो अगदीच चूक म्हणता येत नाही.

तर ही पोरं म्हणजे थायलंडच्या टीव्ही मालिकांमधले नायक. वाचकांनी इथं 'आणि नायिका' हे शब्द शोधू नयेत. नायक आणि नायक. ते एकमेकांच्या प्रेमात पडतात, रुसतात, पावसात भिजतात, मग एकाला ताप येतो आणि दुसरा त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतो. थोडक्यात, आपल्याकडे पडद्यावर एक बाई आणि एक पुरुष जे जे करतात ते तिथं दोन पुरुष करतात, आणि तुलनेनं कमी आरडाओरडा करून करतात. या प्रकाराला तिकडे 'वाय' मालिका म्हणतात. 'याओई' नावाच्या जपानी शब्दाचं ते आद्याक्षर. इंग्रजीत 'वाय' म्हणजे 'का', आणि पहिल्या दिवशी माझा प्रश्नही तोच होता.

हे आमच्या घरात शिरलं २०२० साली, टाळेबंदीत. त्या दिवसांत बाहेरून येणारी भाजी आम्ही मिठाच्या पाण्यात बुडवून, दुधाची पिशवी साबणाने धुऊन आणि पाहुण्याला दारातूनच परत पाठवून घर सांभाळत होतो. ही एकच वस्तू मोबाइलमधून न धुता आत आली. कन्या तेव्हा आठवीत होती आणि शाळा मोबाइलवरच भरायची. एके दिवशी भूगोलाच्या तासाला ती हुंदके देऊन रडताना दिसली. भूगोल मलाही जड जायचा, पण इतका नाही. डोकावलो तर पडद्यावर दोन तरुण, एकाच्या हातात गिटार. मालिकेचं नाव 'टुगेदर'. टाइन नावाचा कायद्याचा विद्यार्थी असतो. एक मुलगा त्याच्या मागे लागलेला असतो. त्याला टाळायचं म्हणून हा सारावत नावाच्या गिटारवाल्याला गळ घालतो, की बाबा, तू थोडे दिवस माझा खोटा प्रियकर हो. पुढे खोट्याचं खरं होतं. बँकेत आम्ही याला सस्पेन्स खातं म्हणतो. तात्पुरती म्हणून टाकलेली नोंद, जी मग वर्षानुवर्षं तिथंच मुरते.

बाप या नात्याने मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घसा खाकरला. कन्या म्हणाली, "पप्पा, गप्प बसा, आता तो सांगणार आहे." मी गप्प बसलो. ज्याला सांगायचं होतं त्याने पुढचे चार भाग काही सांगितलं नाही. थाई नायकाला 'तू मला आवडतोस' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमच्या शाखेतून पीककर्ज मंजूर होऊन जातं, यावरून गतीची कल्पना यावी.

आता मी काही मालिकांवर लिहिणारा समीक्षक नव्हे. बी.कॉम. झालेल्या माणसाला ट्रायल बॅलन्स जुळला की जग जुळल्यासारखं वाटतं. मला नवल वाटतं ते या मालिका पाहणाऱ्यांच्या मतांचं. मालिका बारा-तेरा भागांत संपते तरी, मतं चालूच राहतात.

सगळ्यांत मोलाचं मत आमच्या हिचं, कारण ते भांडी घासता घासता तयार झालेलं आहे. पहिले तीन आठवडे तिने पडद्याकडे पाठ करूनच सगळं पाहिलं. "मला काय त्यात," असं म्हणायचं आणि मोक्याच्या क्षणी नळ बंद करायचा. एके रात्री हात पुसत येऊन म्हणाली, "अहो, यात सून नाही बघा."

"म्हणजे?"

"दोघांपैकी कुणीच सून नाही. मग चहा कुणी करायचा हे आधी ठरलेलंच नसतं. ज्याला प्यायचाय तो उठतो."

मी पुढचे पाच भाग केवळ चहाकडे लक्ष ठेवून पाहिले. बाई खरं बोलत होती. एकाने शिजवलं तर दुसरा ताटं उचलतो, एक आजारी पडला तर दुसरा पेज करतो, आणि याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही की कुणी डोळ्यांतून टिपं गाळत नाही. आपल्या मालिकांत सून पहाटे पाचला भरजरी साडी नेसून ओट्यापाशी उभी असते आणि मागे सासू पडद्याआडून ऐकत असते. वीस वर्षांच्या संसारात हिने माझ्यावर एवढी मोठी टीका केली नव्हती, आणि हीसुद्धा मला उद्देशून नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा चहा स्वतः केला. साखरेचा डबा सापडला नाही, ही गोष्ट वेगळी.

कन्येचं आणि तिच्या मैत्रिणींचं मत तांत्रिक भाषेत असतं. हा नायक 'ग्रीन फ्लॅग', तो 'रेड फ्लॅग'. स्टेशनमास्तरांची सभा बसल्यासारखं वाटतं. अकरावी-बारावीला आम्ही तिला लातूरला ठेवली होती. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून अख्ख्या मराठवाड्यातून जशी मुलं जातात, तशीच. डॉक्टर व्हायची होती, ती शेवटी बापाच्या वळणावर कॉमर्सला आली. पण शिकवणीहून खोलीवर परतताना संध्याकाळचा जो रस्ता असतो तो दोन वर्षांत पाठ करून आली. मी एकदा सहज विचारलं, "काय असतं गं त्या पोरांच्यात एवढं?" तर म्हणाली, "पप्पा, तो हात धरायच्या आधी विचारतो." मी म्हटलं, "बस्स, एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." त्यावर मला दुसरा प्रश्न सुचला नाही. ती दोन वर्षं आम्ही तिला फोनवर रोज फक्त टेस्टचे मार्क विचारत होतो.

पुढे कळलं, की या मालिका बहुतेक कादंबऱ्यांवरून बेततात आणि त्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या पुष्कळशा बायकाच. पाहणाऱ्याही मुख्यतः बायका आणि मुली. म्हणजे कापणारी बाई, शिवणारी बाई, विकत घेणारी बाई आणि अंगात घालून दाखवायला तेवढे दोन पुरुष! आपल्याला हवा तसा नवरा बाजारात मिळेना म्हणून बायकांनी तो घरी करून पाहिला, आणि एकाने भागेना म्हणून दोन केले.

माझीही काही मतं आहेत, पण ती घरात कुणी विचारत नाही म्हणून इथं मांडतो. पहिलं असं, की ही सगळी पोरं इंजिनिअरिंगलाच कशी असतात? २०१६ सालची 'सोटस' नावाची मालिका तर सबंध इंजिनिअरिंग कॉलेजात घडते. सीनिअर पोरं नव्यांना ओरडून ओरडून शिस्त लावतात आणि त्यातला एक नवा एका सीनिअरच्या प्रेमात पडतो. आमच्या नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या पोरांना मी काउंटरवर वर्षानुवर्षं पाहतो आहे. एटीकेटीखाली दबलेल्या त्या जिवांना डोकं विंचरायला सवड नसते, प्रेमाचं कुठून जमायचं? थाई पोरांच्या हातात पुस्तक मी एकदाच पाहिलं, आणि त्याच्या आडून तो दुसऱ्याला बघत होता.

दुसरं मत जाहिरातींबद्दल. तिथं जाहिरातीसाठी मालिका थांबत नाही, मालिकेतच जाहिरात शिरते. नायक ढसाढसा रडत असतो, मित्र येतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि खिशातून क्रीमची ट्यूब काढून तिचे गुण सांगतो. नायक डोळे पुसून ती लावून बघतो. मग दुःख पुढे चालू.

तिसरं मत जरा गंभीर आहे. या मालिकांतला एक नायक कधी ना कधी हमखास म्हणतो, "मला पुरुष आवडत नाहीत. मला फक्त तूच आवडतोस." हे वाक्य ऐकलं की मला आमचा एक जुना थकबाकीदार आठवतो. तो म्हणायचा, "साहेब, आपण कर्ज काढणारा माणूस नाही, फक्त तुमच्याच बँकेचं काढतो." अरे बाबा, खातेवहीत तुझं नाव आहे ना! सगळं करायचं आणि नाव तेवढं लावून घ्यायचं नाही. नव्या मालिकांत हे कमी झालंय असं कन्या सांगते. तिकडे २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्याने लग्न करता येतं, त्यामुळे नायकांनाही आता थोडा धीर आला असावा.

आईचं मत मात्र या सगळ्यांच्या पलीकडचं आहे. तिला खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. सुरुवातीला नात सांगायची. आता ती थाई लोक आपसांत काय बोलतात हे ऐकूनच ओळखते, आणि पुष्कळदा नातीच्या आधी. तिची आवडती मालिका 'बॅड बडी', २०२१-२२ सालची. शेजारी शेजारी दोन घरं, पिढीचं वैर, आणि दोन्ही घरांतले मुलगे एकमेकांच्या प्रेमात. एकाचं नाव पॅट, दुसऱ्याचं प्राण. नाव ऐकल्याबरोबर आई दचकून म्हणाली, "प्राण? तो तर व्हिलन व्हता की!" पुढे चार भाग ती त्या गरीब पोराकडे संशयाने बघत होती. मग तो घरच्यांपायी रडला, तेव्हा कुठे तिने त्याला माफ केलं. "लई गुणाचं लेकरू हाय," असा शेरा मिळाला. तिच्या नातवंडांपैकी दोघांनाच आजवर हा शेरा मिळाला आहे.

या मालिकेच्या शेवटावरून आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. शेवट असा आहे, की ती पोरं आईबापांसमोर आपलं तुटल्याचं सोंग वठवतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप एकमेकांचेच राहतात. कन्या खवळली. एवढ्या मोठ्या पोरांनी लपून का राहायचं? सांगून का नाही टाकायचं? आमची ही म्हणाली, निदान रोजची भांडणं तर मिटली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरच्यांना ठावं असतंय. ठावं असतंय म्हणून तर कुणी इचारत नाही. इचारलं की बोलावं लागतंय."

हे वाक्य मला रात्री झोपताना टोचत राहिलं. का, ते पुढे येईल.

बँकेतली मतं निराळी. तिथं ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांची मतं सर्वांत ठाम असतात. आमचे हेडकॅशियर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, मुलीचा हा छंद ऐकून म्हणाले, "तुम्ही घरात हे चालू देता? आपली काही संस्कृती आहे की नाही?" हे गृहस्थ नाट्यसंगीताचे भोक्ते. त्यांच्या घरी देवघराशेजारी बालगंधर्वांचा शालू नेसलेला फोटो आहे, तो मी स्वतः पाहिलेला. मी म्हटलं, "साहेब, १९२१ साली मुंबईत संयुक्त मानापमान झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. सबंध मुंबई लोटली. स्टेजवर कोण कुणाच्या प्रेमात पडत होतं? तेही दोन पुरुषच ना?"

"ते वेगळं," ते म्हणाले. "ती कला होती."

"आणि हे?"

"हे त्यांना आवडतं म्हणून करतात."

एवढा सूक्ष्म भेद मला आजवर कुठल्याही समीक्षकाच्या लेखात सापडलेला नाही. पुरुषाने पुरुषाशी शृंगार करावा, बायकांनी त्याच्या साडीची नक्कल करावी, रसिकांनी 'वन्स मोअर' द्यावा, सगळं चालेल. फक्त ते मनापासून नको. (चार दिवसांनी कॅश मोजता मोजता त्यांनी हळूच विचारलं, "त्या दोघांचं शेवटी जमलं का हो?" त्यांच्या सूनबाईही बघतात असं कळलं.)

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ऑगस्ट २०२४ मध्ये एक खुलासा आला. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या जोडप्याला संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, असं रिझर्व्ह बँकेने सगळ्या व्यापारी बँकांना कळवलं आणि अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्टला तेच जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला होता. पण अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहायला समिती नेमू, असं सरकारने त्याच खटल्यात सांगितलं होतं. त्या ओघात हे आलेलं. शाखेत परिपत्रक फिरलं. 'वाचले' म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. बँकेत परिपत्रकावर सही करण्यासाठी ते वाचावं लागत नाही, ही जुनी प्रथा आहे. मी मात्र वाचलं, आणि खुर्चीतच बसून राहिलो. त्यात नवा नियम एकही नव्हता. 'आडकाठी नाही' एवढंच होतं. म्हणजे ती आधीही नव्हती.

मी २००३ साली नोकरीला लागलो आणि पुढची काही वर्षं लातूरला काढली. २००६ ची गोष्ट असेल. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, लग्न केलेलं नव्हतं. त्याच्यासोबत एक कंपाउंडर राहायचा, तोही त्याच वयाचा आणि सडाच. १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडचं घर गेलं, तेव्हा तो शिंप्याकडे आला आणि तिथंच राहिला. गल्लीत सगळे म्हणायचे, भूकंपात आधार दिला बघा. तेरा वर्षं झाली तरी तेच म्हणायचे. भूकंपाचं कारण एवढं टिकलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दोघं एका दुपारी काउंटरवर आले. कंपाउंडरने गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला होता, त्याचे दोन लाख. शिंप्याचे साठलेले साठ हजार. म्हणाले, दोघांच्या नावानं मुदत ठेव करायची आहे.

मी विचारलं, "नातं काय?"

"मित्र," शिंपी म्हणाला.

पंचविशीतला मी, काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला, म्हणजे केवढा मोठा माणूस! मी हसलो. वाईट हसलो नाही, पण हसलो. शेजारच्या टेबलाकडे पाहूनही हसलो. म्हटलं, "मामा, जॉइंट पावती नवरा-बायकोची असते, बापलेकाची असते. तुम्हाला कशाला भानगड? एकाच्या नावानं करा आणि घरचं कुणी नॉमिनी लावा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाद घातला नाही. बँकेतला साहेब सांगतोय म्हणजे नियम असेल, असं वाटलं असेल. तसा नियम नव्हता. 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' हा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. पावती कंपाउंडरच्या नावाने झाली, दोन लाख साठ हजारांची, नॉमिनी पुतण्या.

२०११ मध्ये कंपाउंडर गेला. पुतण्या मृत्यूचा दाखला घेऊन आला. क्लेमच्या फॉर्मवर बँकेच्या ओळखीचा साक्षीदार लागतो. सोबत शिंपी आला होता, साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली. साठ हजारांबद्दल अवाक्षर काढलं नाही. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांचा विश्वस्त असतो, वगैरे कलमं मला पाठ आहेत. पण इथं वारसही पुतण्याच होता, तेव्हा कायद्याचा हिशेब चोख जुळला. सगळं झाल्यावर शिंपी काउंटरशी आला आणि म्हणाला, "सायब, पावती ज्या पाकिटात व्हती ते परत भेटंल का? म्या शिवलं व्हतं."

खाकी कापडाचं छोटं पाकीट, कडेला दुहेरी शिलाई. पावती रद्द करून आम्ही ठेवून घेतो, पाकीट ठेवत नाही. मी ते दिलं. पुढे बदली झाली.

म्हणून आई जेव्हा म्हणाली, ठावं असतंय म्हणून कुणी विचारत नाही, तेव्हा मला झोप येईना. लातूरच्या गल्लीने तेरा वर्षं विचारलं नाही. मी एकट्यानेच विचारलं, आणि तेही फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून.

सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही दोघं मेहुण्याकडे पुण्याला गेलो होतो. तेव्हा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट लागला होता. रोहन परशुराम कानवडे यांचा. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या सुतकात दहा दिवस गावी येतो आणि बाळ्या नावाचा लहानपणीचा मित्र त्याला पुन्हा भेटतो, एवढीच गोष्ट. बँकॉकच्या पोरांची सवय लागलेल्या माणसाला पहिली वीस मिनिटं चुकल्यासारखं होतं. इथं पार्श्वसंगीत नाही. कुणी क्रीम लावत नाही. नायक रापलेले आहेत, शेळ्या आहेत, आणि 'लग्नाचं काय?' म्हणून दर पाच मिनिटांनी विचारणारे नातेवाईक आहेत. थाई मालिकेत दोघांच्या आड एखादा गैरसमज येतो, इथं काका, मामा, आत्या येतात. ते काही दुष्ट नाहीत, आपल्याच घरातले वाटतात, आणि म्हणूनच त्यांचं काही करता येत नाही. मला सगळ्यांत आवडली ती आनंदची आई. तिला सगळं ठाऊक आहे आणि ती लेकाला नातेवाइकांपासून राखते. फार बोलत नाही. पण गप्प बसण्याचेही दोन प्रकार असतात, हे मला त्या बाईकडे पाहून कळलं. टाळण्यासाठी बसतात तो एक, आणि राखण करायला बसतात तो दुसरा. आमच्या आईच्या वाक्यात कुठला होता, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

थिएटरात माणसं मोजकीच होती. आमच्या मागे बसलेला एक गृहस्थ बाहेर पडताना बायकोला म्हणाला, "फारच संथ आहे." ज्या मालिकेत एक नजर वळायला अर्धा भाग लागतो ती आमच्या घरात पाच वर्षं संथ वाटली नव्हती. बँकॉकच्या प्रेमाला आपण वेळ देतो. सुतकातल्या घरी, चुलत्यांच्या देखत, मराठीत ते सुरू झालं की आपल्याला घड्याळ आठवतं. मीही दोनदा पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू? आमची ही थाई पोरांसाठी पदर भिजेपर्यंत रडणारी. इथं टिपूस काढलं नाही. परतीच्या गाडीतही बोलेना.

नांदेडची गाडी रात्री लातूरवरून जाते. स्टेशन आलं तेव्हा डब्यात सगळे झोपले होते. मी हिला हलवून उठवलं आणि शिंप्याची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने नीट ऐकून घेतली. मला वाटलं, आता म्हणेल, तुम्ही तरी काय करणार होता? नवऱ्याची चूक झाली की बायका असं म्हणतात, निदान मराठी मालिकांत तरी. ती म्हणाली, "तुम्ही हसलात कशाला पण?" आणि खिडकीकडे तोंड करून पडली.

घरी आल्यावर ती गोष्ट तिने आईला सांगितली. रात्री साडेनऊला टीव्ही सुरू झाला. पॅट आणि प्राणची पारायणं चालू आहेत, ही चौथी. आई पडद्याकडे बघत होती, पण लक्ष नव्हतं.

"का रे," ती म्हणाली, "त्या लातूरच्या दोघांत सैपाक कोण करायचं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"इचारायचं व्हतं की. मागं राह्यला त्याला करता येतंय का नाही, ते तरी कळलं असतं."

तेवढ्यात प्राणने नूडल्सचं पाकीट फोडलं आणि त्याचे गुण सांगायला सुरुवात केली.